तिचा शब्द तसाच कागदावर: बौद्धिक अक्षमता असलेल्या पीडित व्यक्तीला साथ देताना

आमच्या शाळेतून शिकून बाहेर पडलेली एक मुलगी, तेव्हा तेवीस वर्षांची, कोर्टात साक्षीला उभी होती. आरोपीच्या वकिलांनी पोलिसांनी लिहिलेला जबाब हातात घेतला आणि विचारलं, "त्याने गुप्तांगाला हात लावला असं तू सांगितलंस ना? मग गुप्तांग म्हणजे काय ते सांग." ती गप्प. तो शब्द तिने जन्मात कधी उच्चारला नव्हता. तिचा शब्द होता 'शूची जागा'. जबाब लिहिला जात होता तेव्हा मी तिच्या शेजारीच बसले होते. शब्द बदलला जाताना मी पाहिला होता आणि मला वाटलं होतं, साहेबांनी सभ्य भाषेत लिहिलं, बरं झालं.

त्या दिवसानंतर मी हे काम वेगळ्या पद्धतीने करू लागले. विशेष शिक्षक, पालक, समाजकार्याचे विद्यार्थी, वसतिगृहातल्या मावशी, गावातल्या आशाताई, ज्यांच्यावर ही वेळ पहिल्यांदा येते त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घटना कळल्यापासून निकाल लागेपर्यंत आपलं काम मुख्यतः एकच असतं: त्या व्यक्तीचा शब्द तिच्याच रूपात कागदावर आणि न्यायाधीशांपर्यंत पोहोचवणं. कायदा यासाठी बरंच काही देतो, मात्र मागितल्याशिवाय ते क्वचितच हाती येतं.

सुरुवातीला, आपण कोणाबद्दल बोलतोय

पोलीस ठाण्यात अजूनही 'वेडसर', 'मनोरुग्ण', 'मतिमंद' हे शब्द एकाच अर्थाने लिहिले जातात. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्येही त्या वेगवेगळ्या दिल्या आहेत आणि स्वमग्नतेचा नाव घेऊन उल्लेख आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसाची जीभ अडखळते, पण बुद्धी अगदी शाबूत असू शकते. एफआयआरमध्ये चुकीचा शब्द पडला की पुढे आरोपीचा वकील त्याच शब्दावर सगळी साक्ष तोलायला बघतो. म्हणून पहिल्याच दिवशी प्रमाणपत्रावरचा नेमका शब्द लिहायला सांगा. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) किंवा सिव्हिल हॉस्पिटलचं प्रमाणपत्र असेल तर त्याची झेरॉक्स जोडा. नसेल तर तेवढ्यासाठी तक्रार थांबवू देऊ नका, प्रमाणपत्र मागाहून काढता येतं.

ओळखणं

"माझ्यावर गुन्हा झाला" असं सांगत कोणी येत नाही. स्वतःहून संडासला जाणारी मुलगी पुन्हा कपड्यात करू लागते. रोजच्या व्हॅनमध्ये बसायला अचानक नकार देते. एकावर एक दोन सलवारी घालते. एखादा मुलगा स्वतःचा हात चावू लागतो. आणि आपण म्हणतो, "त्याचं असंच असतं." सगळ्यात जास्त प्रकरणं याच वाक्यामागे दडून राहतात असं माझं मत आहे. वागण्यात बदल झाला की तारीख घालून वहीत लिहा. कारण नंतर शोधता येतं.

गुन्हा लैंगिकच असतो असंही नाही. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात येतात आणि पासबुक पुतण्याकडे असतं. वडील गेल्यावर हक्कसोडपत्रावर अंगठा घेतला जातो. कामाला ठेवून मजुरी देत नाहीत, साखळीने बांधून ठेवतात, गल्लीतली पोरं गंमत म्हणून कपडे काढायला लावतात. यातल्या कित्येक गोष्टी घरचेच 'घरातली बाब' म्हणून सोडून देतात. घरातूनच छळ होत असेल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रांत किंवा तहसील कार्यालयात, कोणीही माहिती देऊ शकतं, आणि व्यक्तीला सोडवून सुरक्षित ठेवण्याचा आदेश मिळू शकतो. याच कायद्याच्या कलम ९२ मध्ये दिव्यांग व्यक्तीवरच्या अत्याचाराला सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. हे कलम एफआयआरमध्ये घालायचं राहून जातं, आठवण करून द्या.

मुलगे आणि पुरुषही बळी पडतात. अठराच्या आतल्या मुलाला पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याचं, पूर्ण संरक्षण आहे. प्रौढ पुरुषाच्या बाबतीत मात्र जुन्या दंडविधानाच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत, पुरुषावरच्या लैंगिक अत्याचारालाही लागू होणाऱ्या जुन्या ३७७ सारखं कलमच उरलेलं नाही. अशा वेळी मारहाण, डांबून ठेवणं, धमकी आणि वरचं कलम ९२ यांवरच तक्रार उभी करावी लागते. ही कायद्यातली मोठी उणीव आहे आणि मला ती फार टोचते.

पहिला तास

तिने काही सांगितलं तर ऐका. "सांगितलंस ते बरं केलंस", "तुझी चूक नाही" एवढंच म्हणा. कुठे, किती वेळा, मग तू का ओरडली नाहीस, यातलं काहीही विचारू नका. घरात आई विचारते, मग काकू, मग मुख्याध्यापक, आणि पोलीस येईपर्यंत पाच जणांच्या प्रश्नांचे शब्द तिच्या तोंडी बसलेले असतात.

ती जे बोलली ते ताबडतोब लिहून ठेवा. तिचेच शब्द, तिचेच हावभाव. वेळ काय होती, जवळ कोण होतं, तुम्ही काय विचारलं होतं तेही. "बाऊ केला" म्हणाली असेल तर "बाऊ केला" असंच लिहा, त्याचा अर्थ लावू नका.

लैंगिक अत्याचार असेल तर अंघोळ घालू नका आणि कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. अंघोळ झालीच असेल तरी दवाखान्यात जायचंच. तिचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअॅपवर टाकणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. पीडितेची ओळख उघड करायला भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ ने बंदी आहे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाव नसलं तरी गाव, शाळा आणि 'ती मुलगी' एवढ्याने सगळ्यांना कळतं.

त्याच संध्याकाळी कोणीतरी भला माणूस येईल आणि "मिटवून टाकू" म्हणेल. पीडित व्यक्ती अठराच्या आतली असेल तर लैंगिक गुन्ह्याची माहिती देणं पोक्सोच्या कलम १९ ने प्रत्येकावर बंधनकारक आहे, लपवणाऱ्याला शिक्षा आहे, हे शांतपणे सांगा.

वय: इथे बहुतेक नवे लोक चुकतात

"तिचं मानसिक वय सहा आहे, म्हणजे पोक्सो लागेल" असं मी कित्येकदा ऐकलंय. लागत नाही. दिल्लीतल्या अडतीस वर्षांच्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्या स्त्रीच्या प्रकरणात हाच मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला होता. २०१७ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पोक्सोतलं वय म्हणजे जन्मतारखेचं वय. म्हणून जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला आधी शोधा. वय अठराच्या वर असेल तर न्याय संहितेचं कलम ६४(२) पाहा. मानसिक किंवा शारीरिक अक्षमता असलेल्या स्त्रीवरचा बलात्कार हा तिथे अधिक गंभीर प्रकार धरला आहे, शिक्षा किमान दहा वर्षं. वय कमी असेल तर पोक्सोच्या कलम ५ मध्येही मुलाच्या अक्षमतेचा फायदा घेणं हे गंभीर स्वरूपात मोडतं. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर न्याय संहितेऐवजी जुना दंडविधान लागतो.

आणि अडतीस वर्षांच्या बाईला 'बाळ' म्हणू नका. तिला ताई म्हणा. तिने अडतीस पावसाळे पाहिलेत, तिला लाज आहे, राग आहे, आवडनिवड आहे.

पोलीस ठाण्यात, किंवा न जाता

लैंगिक गुन्ह्यांत दिव्यांग व्यक्तीला ठाण्यात जावंच लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी यायचं, दुभाषा किंवा विशेष शिक्षक यांच्या समोर तक्रार नोंदवायची आणि त्याचं चित्रीकरण करायचं. तक्रार महिला अधिकाऱ्याने लिहायची. पोक्सोत तर जबाब घेणाऱ्या अधिकाऱ्याने गणवेशात नसावं असंही आहे. नंतरच्या चौकशीलाही, गुन्हा कोणताही असो, दिव्यांग साक्षीदाराला घराबाहेर बोलावता येत नाही, ते कलम १७९. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी झिरो एफआयआर घ्यावाच लागतो आणि त्याची प्रत फुकट मिळते. नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, पोच ठेवा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा.

मी जाताना एक पान लिहून नेते. ती 'हो' आणि 'नाही' कसं सांगते. अवयवांना, माणसांना कोणत्या नावाने हाक मारते. घाबरली की काय करते (आमची एक मुलगी घाबरली की हसायची, आणि ते हसणं 'तिला काही वाटलं नाही' असं वाचलं गेलं असतं). किती वेळ एका जागी बसू शकते. फिट्सची गोळी किती वाजता असते. कोणता आवाज सहन होत नाही. अधिकाऱ्यांना पाच मिनिटं आधी बाजूला भेटून हे पान द्या. बहुतेक जण मनापासून वाचतात, कारण त्यांनाही काय करावं ते सुचत नसतं.

मग प्रश्न. इथे सगळ्यात जास्त बिघडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्या मुलांना लहानपणापासून 'हो' म्हटलं की शाबासकी मिळते. मोठ्या माणसाने विचारलेल्या कशालाही ती 'हो' म्हणतात. मी एकदा अधिकारीबाईंना म्हटलं, "मॅडम, मी हिरवी साडी नेसलेय का, असं विचारून बघा." मी पिवळी नेसले होते. उत्तर आलं, "हो." मॅडमनी लगेच पेन खाली ठेवलं आणि प्रश्नांची पद्धतच बदलली. "त्याने हात लावला का?" याऐवजी "काय झालं ते सांग" म्हणायचं, आणि थांबायचं. दहा, वीस, तीस सेकंद. ती शांतता आपल्यालाच जड जाते. ती विचार करत असते.

"घरी की शाळेत?" असं विचारलं की काही मुलं शेवटचाच शब्द परत म्हणतात, "शाळेत." स्वमग्न मुलांमध्ये हे फार दिसतं. थोड्या वेळाने "शाळेत की घरी?" असं उलटं विचारून बघा. उत्तर बदललं तर ते उत्तर धरायचं नाही, चित्र किंवा फोटो पुढे ठेवून दाखवायला सांगायचं. तोच प्रश्न मात्र तसाच पुन्हा विचारू नका. मुलांना वाटतं आधीचं चुकलं, मग ती दुसरं उत्तर देतात, आणि जबाबात 'विसंगती' तयार होते.

तारीख, वेळ, 'किती वेळा' यांची उत्तरं मिळणार नाहीत. "गणपती बसले होते का?", "डबा खाल्ला होता का?", "आई बाजारला गेली होती का?" असे हो-नाहीचे प्रश्नही धोक्याचेच. त्यापेक्षा "त्या दिवशी घरी काय काय होतं?" असं विचारा. ती मखर म्हणेल, मोदक म्हणेल. तारीख आपण कॅलेंडरवर शोधायची.

जबाब लिहून झाला की तो तिच्यासमोर मोठ्याने वाचून घ्या. तिचा शब्द बदललेला दिसला तर तिथेच सांगा. मूळ शब्द अवतरणात, आणि पुढे 'म्हणजे असे बोट दाखवून सांगितले' असं लिहिता येतं.

स्वतःची जागा ओळखा. दुभाष्याने तिच्या बाजूने उत्तर द्यायचं नाही, सुचवायचं नाही, "अगं ते सांग ना" म्हणायचं नाही. तिने घटना सर्वात आधी तुम्हालाच सांगितली असेल तर तुम्ही साक्षीदार होऊ शकता. मग दुभाषा म्हणून दुसऱ्या शाळेतल्या विशेष शिक्षकांना बोलवा. घरातल्या ज्या माणसाचा या प्रकरणात काही हितसंबंध असेल त्याला तर मध्ये बसवूच नका.

दवाखाना

बलात्काराच्या तक्रारीनंतर चोवीस तासांत तपासणीला पाठवायचं असतं. सरकारी असो वा खाजगी, रुग्णालयाने उपचार मोफत द्यायचे, आधी एफआयआर आणा असं म्हणायचं नाही. एचआयव्ही टाळण्याचं औषध बहात्तर तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, त्याची वाट बघत बसू नका, मागा.

तपासणीला तिची संमती हवी. बाहुलीवर दाखवा: इथे कापूस लावतील, इथे बघतील, 'नको' म्हटलंस तर थांबतील. हे खरोखर पाळलं जाईल अशी डॉक्टरांशी आधी बोलणी करा. ज्या शरीराला कोणी न विचारता हात लावला, त्याच शरीराला उपचाराच्या नावाखाली पुन्हा तसाच हात लागू नये. दोन बोटांची चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्टपणे निषिद्ध ठरवली आहे.

गर्भ राहिला तर निर्णय घरचे परस्पर घेऊन टाकतात. २००९ मध्ये चंदीगडच्या संस्थेतल्या, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करू दिला नाही. प्रौढ स्त्रीची बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नव्हे, तिची संमती लागतेच, हे तिथे ठरलं. तिला समजेल असं समजावून सांगायला दोन-तीन भेटी लागतील. तेवढा वेळ द्या.

न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब

हा दिवस सगळ्यात मोलाचा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली दिव्यांग पीडितेचा जबाब विशेष शिक्षकाच्या मदतीने, चित्रीकरणासह होतो, आणि तोच खटल्यात तिची सरतपासणी (सरकारी वकिलांनी घ्यायची पहिली साक्ष) धरला जातो. म्हणजे पुढे तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत नाही, फक्त उलटतपासणी उरते. म्हणून घाईने, संध्याकाळी पाचला, उपाशी पोटी हा जबाब होऊ देऊ नका. सकाळची वेळ मागा. अधिकाऱ्यांनाही ते एक पान द्या.

मधले महिने

दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. भरपाईचा अर्जही तिथेच. महाराष्ट्रात बलात्कार, मुलांवरचे लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ला यांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. पैसे तिच्या नावाच्या खात्यात जातील हे बघा. तपास कुठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायला हवं. कळवलं नाही तर लेखी विचारा.

आरोपी घरातला किंवा शेजारचा असेल तर बहुतेक वेळा मुलीलाच मावशीकडे पाठवतात. तिची शाळा जाते, रोजची रिक्षा जाते, मैत्रिणी जातात, आणि तिला ही शिक्षा वाटते. तात्पुरता निवारा लागला तर सखी केंद्र आहे, १८१ वर माहिती मिळते. अठराच्या आतल्यांसाठी १०९८, आणि पोक्सोत बाल कल्याण समितीकडून आधारव्यक्ती मागता येते. पण तिचा दिनक्रम शक्य तितका जसाच्या तसा ठेवा.

कोर्ट

'हिला काय साक्ष देता येणार' असं म्हणणाऱ्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाचं (पुराव्याच्या कायद्याचं) कलम १२४ दाखवा: प्रश्न समजून उत्तर देऊ शकणारी कोणतीही व्यक्ती साक्ष देऊ शकते. बोलता येत नसेल तर कलम १२५ खाली खुणांनी किंवा लिहून दिलेली साक्षही चालते. अंध पीडितेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की अक्षमता आहे म्हणून साक्ष दुबळी समजायची नाही.

सरकारी वकिलांना तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी भेटून लेखी अर्ज द्यायला सांगा: इन कॅमेरा (बंद दाराआड) सुनावणी, आरोपी दिसू नये म्हणून पडदा, मध्ये विश्रांती, विशेष शिक्षक सोबत, आरोपीच्या वकिलांचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत. असुरक्षित साक्षीदारांसाठी वेगळी साक्ष केंद्रं प्रत्येक जिल्ह्यात असावीत असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला. तुमच्या जिल्ह्यात ते कुठे आहे ते आधी जाऊन बघा.

तिलाही आधी रिकामं कोर्ट दाखवा. इथे न्यायाधीश बसतात, इथे तू, इथे पाणी. 'माहीत नाही', 'समजलं नाही' हीसुद्धा उत्तरं आहेत हे तिला शिकवा, सराव करून घ्या, भलत्याच विषयावर: "काल चंद्रावर कोण गेलं होतं?" घटनेबद्दल मात्र एक अक्षरही पाठ करून घेऊ नका. "तू तिथे नव्हतीस, नाही का?" असा प्रश्न आला की उठून न्यायाधीशांना विनंती करा: प्रश्न सोपा, सरळ आणि एकेक करून विचारावा.

त्या दिवशी मीही तेच केलं. न्यायाधीशांनी विचारलं, "पोलिसांना तू काय सांगितलंस, तुझ्या भाषेत सांग." तिने 'शूची जागा' म्हटलं आणि बोटाने दाखवलं. त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

निकाल लागला की तो तिला सांगायचा असतो, घरच्यांना सांगून भागत नाही. वर्षं, कलमं तिच्या कामाची नसतात. तिने मला विचारलं होतं, "तो उद्या व्हॅन घेऊन येणार?" याचं खरं उत्तर आधी तपास अधिकाऱ्यांकडून माहीत करून घ्या. तो तुरुंगात असेल तर "येणार नाही." जामिनावर असेल तर "बाहेर आहे. आपल्या गल्लीत यायला त्याला मनाई आहे. दिसला तर मला सांग." मग फोनमध्ये तुमचा फोटो लावून नंबर साठवून द्या, आणि तिच्याकडून दोनदा लावून घ्या.